रडणं थांबतं तेव्हा कोण काय शिकतं?

पत्र थोडक्यात : पत्रलेखिका ३४ वर्षांच्या आहेत, डोंबिवलीकडे राहतात, प्राथमिक शाळेत शिकवतात. घरात नवरा, सासूबाई आणि पहिलीत जाणारा सहा वर्षांचा मुलगा. मोबाइल समोर असल्याशिवाय मुलगा जेवत नाही. दिला नाही तर ताट ढकलतो, जमिनीवर लोळतो. डी.एड.ला शिकलेलं आठवून त्यांनी रडण्याकडे दुर्लक्ष करायचं ठरवलं. चार दिवसांत रडणं दुप्पट झालं आणि पाचव्या दिवशी सासूबाईंनी फोन हातात दिला. मग त्यांनी फ्रिजवर स्टारचा तक्ता लावला. आता आजीला पाण्याचा तांब्या देतानाही मुलगा ‘किती स्टार?’ असं विचारतो. रात्री वडील पाढे घेतात, आवाज चढतो, एकदा रट्टाही बसला. तेव्हापासून पाढ्यांची निळी वही काढली की मुलाचं पोट दुखतं. त्या विचारतात : डी.एड.ला अभ्यासलेले पाव्हलॉव्ह आणि स्किनर हे शास्त्रज्ञ फक्त परीक्षेपुरते होते का? आणि मुळात मी माझ्या पोराला प्रयोगातल्या कुत्र्यासारखं वागवतेय का?

प्रिय ताई,

तुमच्या पत्रातल्या एका वाक्यापाशी मी बराच वेळ थांबले. ‘फोन दिला की घर एकदम शांत होतं, आणि मला स्वतःची लाज वाटते.’ लाज क्षणभर बाजूला ठेवू. आधी त्या शांततेकडे नीट बघू, कारण मला वाटतं, सगळी गोम तिथेच आहे.

रात्रीचे साडेआठ. तुम्ही दिवसभर वर्गात उभ्या राहून आलेल्या, वह्यांचा गठ्ठा अजून तपासायचा आहे. पोरानं ताट ढकललंय, वरण फरशीवर ओघळलंय. रडणं चढत चाललंय. भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचा टीव्ही मध्येच बारीक होतो आणि तुम्हाला वाटतं, ऐकतायत. सासूबाई म्हणतात, ‘दे गं बाई एकदाचा.’ तुम्ही फोन तांब्याला टेकवून उभा करता, आणि दुसऱ्या क्षणी रडणं बंद.

त्या एका क्षणात दोन जण दोन धडे शिकले. मुलगा शिकला की एवढं रडलं की फोन मिळतो. आणि तुम्ही शिकलात की फोन दिला की रडणं थांबतं. त्याला हवं ते मिळालं, तुमच्या मागचं नको ते टळलं. कृती पक्की करणाऱ्या अशा फळाला बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाच्या भाषेत प्रबलन म्हणतात : पहिलं धन प्रबलन आणि दुसरं ऋण प्रबलन. ऋण प्रबलन म्हणजे शिक्षा, असं पेपरात लिहून कितीतरी जण गुण घालवतात. खरं तर त्याचा अर्थ एवढाच की एखादी कृती केल्यावर त्रास संपला, म्हणून ती कृती पक्की झाली. दुखणं थांबलं म्हणून आपण पुढच्या वेळीही तीच गोळी घेतो, तसं.

म्हणजे तुमच्या घरात मुलाला वळण लावणाऱ्या तुम्ही एकट्या नाही आहात. तोही तुम्हाला तितक्याच चिकाटीनं वळण लावतोय, फक्त त्याला ते माहीत नाही. तुम्ही कमकुवत आहात, वाईट आई आहात, असा अर्थ यातून निघत नाही. दमलेल्या माणसाला सुटका मिळाली की तो तीच वाट पुन्हा धरतो.

आता कुत्र्याचा प्रश्न. इव्हान पाव्हलॉव्ह कुत्र्यांना काही शिकवायला बसलेच नव्हते. सेंट पीटर्सबर्गला ते पचनसंस्थेचा अभ्यास करत होते आणि त्याच कामासाठी १९०४ साली त्यांना नोबेल मिळालं. अन्नामुळे लाळ किती सुटते ते मोजताना त्यांच्या ध्यानात आलं की अन्न तोंडात पडायच्या आधीच, ते आणणाऱ्या माणसाची चाहूल लागताच कुत्र्यांना लाळ सुटतेय. पुढे मेट्रोनोमची टिकटिक आणि पाठोपाठ अन्न, असं वारंवार केल्यावर नुसत्या टिकटिकीलाही लाळ सुटू लागली. हेच आपलं पुस्तकातलं अभिजात अभिसंधान, म्हणजे पाठोपाठ येणाऱ्या दोन गोष्टी आपोआप एकमेकींना जोडल्या जाणं. पण प्रयोगाच्या आधी काय घडलं ते पाहा. चाहुलीचा आणि अन्नाचा संबंध त्या कुत्र्यांनी आपला आपण जोडला होता, कुणी जोडून दिला नव्हता.

माझ्या लहानपणी आमच्या डॉक्टरांकडे कंपाउंडर सुया स्टीलच्या डब्यात उकळत असत. त्या डब्याचं झाकण ओट्यावर आपटलं की बाहेर बाकड्यावर बसलेल्या माझा दंड आखडायचा, सुई दिसायच्या आधीच. मला कुणी ते शिकवलं नव्हतं आणि त्यानं मी कुत्रंही झाले नाही. आपण तक्ता लावला, ठरवून दुर्लक्ष केलं तरच अभिसंधान सुरू होतं, असं तुम्ही धरून चाललात. ते तर घरात जन्मापासून सुरू आहे. कुकरची शिट्टी, बाबांच्या बाइकचा आवाज, फोनचं लॉक उघडताना होणारी टिक्, या सगळ्यांतून तुमचा मुलगा रोज काही ना काही जोडत असतो. म्हणून ‘हे करावं की नाही’ हा प्रश्नच तुमच्या हातात नाही. काय कशाला जोडलं जातंय, ते बघणं मात्र हातात आहे.

मग दुर्लक्ष का फसलं? माझ्या मते ते फसलं नव्हतं, ते सुरू झालं होतं.

बिल्डिंगची लिफ्ट आली नाही की आपण काय करतो? बटण पुन्हा दाबतो, जोरात दाबतो, चार-चारदा दाबतो. नेहमी येणारं फळ यायचं थांबलं की ती कृती लगेच मरत नाही, आधी उसळी मारते. चौथ्या दिवशीचं दुप्पट रडणं म्हणजे हेच चार-चारदा दाबलेलं बटण. नेमक्या त्या उंचीवर फोन मिळाला. त्यामुळे तो शिकला की साधं रडून भागत नाही, एवढं रडावं लागतं. शिवाय कधी मिळतो, कधी नाही, अशी गत झाली. स्किनरनी कबुतरांवर केलेल्या कामातून हे फार स्पष्ट दिसलं होतं : प्रत्येक टोचीला दाणा मिळणारं कबूतर दाणे बंद झाल्यावर लवकर थांबतं, पण अधूनमधून, बिनभरवशाचा दाणा मिळालेलं कबूतर कितीतरी जास्त वेळ टोचत राहतं. ‘नेहमी देत नाही हो, कधीतरीच देते’ असं आपण आपल्या बचावासाठी म्हणतो. सवय मात्र त्या ‘कधीतरी’नंच सगळ्यांत चिवट होते.

सी. डी. विल्यम्स या मानसशास्त्रज्ञानं १९५९ साली एका अमेरिकन मुलाची हकीकत छापली होती. मूल २१ महिन्यांचं. जन्मानंतरचे दीड वर्ष आजारपणात गेलेलं, त्यामुळे रात्रंदिवस कुणीतरी जवळ. बरं झालं तरी झोपताना आईवडील खोलीतून उठले की आकांत. रोज अर्धा ते दोन तास कुणीतरी अडकून पडायचं. मग ठरलं की मायेनं निजवायचं, दार लावून बाहेर यायचं आणि परत आत जायचं नाही. पहिल्या वेळी ते ४५ मिनिटं रडलं. दहाव्या वेळेपर्यंत रडणं संपलं, उलट मोठी माणसं निघाली की ते हसायला लागलं. आणि मग साधारण आठवड्याभरानं एका संध्याकाळी त्याला निजवायला त्याची आत्या किंवा मावशी होती. ते रडलं, तिला राहवलं नाही, ती परत आत गेली आणि झोपेपर्यंत बसून राहिली. झालं, सगळं पहिल्यापासून. दुसऱ्या खेपेला नवव्या वेळेपर्यंत पुन्हा शांत झालं आणि पुढच्या दोन वर्षांत तो प्रकार परत दिसला नाही.

ही एकाच मुलाची गोष्ट आहे, तेही तुमच्या मुलापेक्षा खूप लहान. पण ती आत्या माझ्या मनातून जात नाही, कारण आपल्या प्रत्येक घरात ती असते. तुमच्याकडे ती सासूबाईंच्या रूपात आहे. त्यांनी प्रेमापोटीच फोन दिला. त्यांना कुणी सांगितलं होतं का, की चौथ्या-पाचव्या दिवशी रडणं वाढणार आहे, आणि ते वाढणं ही चांगली खूण आहे? तुमच्या पत्रावरून वाटतं की हा बेत तुम्ही एकटीनंच आखला होता.

तेव्हा पहिलं काम मुलाचं नाहीच, मोठ्यांचं आहे. आठवडाभर काहीही बदलू नका. एक वही घ्या आणि रोज जेवणाच्या वेळचं तीन रकान्यांत लिहा : आधी काय झालं, त्यानं काय केलं, मग आपण काय केलं. पुष्कळदा उत्तर पहिल्याच रकान्यात सापडतं. सात वाजता बिस्किटांचा पुडा संपलेला असेल, तर साडेआठला भूक कुठून येणार? मग जेवण पावणेआठला घ्या, ताटात भात दोनच चमचे वाढा, मागितला तर आणखी द्या.

आठवड्यानंतर तिघं मोठे एकत्र बसा आणि एकच गोष्ट ठरवा : जेवताना घरात कुणाचाच फोन नाही. तुमचाही नाही, बाबांचाही नाही. सगळे फोन फ्रिजवर. मुलाला फोन मिळेल, पण वेळ ठरलेली, समजा संध्याकाळी सहा ते साडेसहा. त्या दिवशी तो रडला असो वा नसो, शहाण्यासारखा वागला असो वा नसो. फोनचा रडण्याशी लागलेला धागा तोडायचा आहे, फोनशी वैर नाही. घरी पाहुणे येणार असतील, लग्नकार्य असेल, तुमच्या शाळेची परीक्षा असेल, तर तो पंधरवडा सोडून द्या. अर्ध्यावर सोडण्यापेक्षा उशिरा सुरू केलेलं बरं.

ताट ढकललं तर भाषण न देता ताट उचला, सांडलेलं त्याच्याकडूनच पुसून घ्या, तेही रागावून नाही. नंतर भूक लागली म्हणाला तर तेच जेवण, बिस्किट नाही. आणि रडणं थांबून त्यानं एक घास जरी घेतला, तरी त्याच क्षणी त्याच्याकडे वळा. आजच्या शाळेतलं विचारा, डब्यात कुणी काय आणलं ते विचारा. आपण गप्प जेवणाऱ्या मुलाकडे बघत नाही आणि रडणाऱ्याकडे धावतो. हे उलटं करायचं आहे. ते जमलं नाही, तर नुसतं दुर्लक्ष कोरडं पडेल.

इथे एक गोष्ट अगदी कळकळीनं सांगते. रडण्याला फळ न देणं आणि मुलाला माया न देणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वर्तनवादाचा, म्हणजे मनात काय चाललंय ते सोडून फक्त दिसणारं वागणं अभ्यासणाऱ्या विचाराचा, पाया घालणाऱ्या जॉन वॉटसननं १९२८ साली आईबापांना सल्ला दिला होता की मुलांना मिठी मारू नका, मांडीवर घेऊ नका, सकाळी फार तर हात मिळवा. तो सल्ला चुकीचा होता, असं मला ठामपणे वाटतं. रडून थकलेलं पोर तुमच्या मांडीवर आलं तर घ्या. मांडी द्या, फोन देऊ नका. आणि ताप, दुखणं, भीती यांचं रडणं या नियमात बसवू नका, त्याला लगेच धावून जा.

याच वॉटसनचा दुसरा प्रयोग मला तुमच्या निळ्या वहीसाठी सांगायचा आहे. मोबाइलपेक्षा मला त्या वहीची काळजी जास्त वाटते. १९२० साली त्यानं आणि रोझॅली रेनर यांनी अल्बर्ट नावानं ओळखल्या जाणाऱ्या तान्ह्या मुलासमोर पांढरा उंदीर सोडला. मूल आधी त्याला बिनधास्त हात लावायचं. मग उंदीर दिसला की पाठीमागे पोलादी दांड्यावर हातोडा आपटायचा. सात वेळा असं झाल्यावर नुसता उंदीर दिसताच मूल रडून दूर पळू लागलं. पुढे ससा, कुत्रा, केसाळ कोट यांनाही ते घाबरू लागलं. ती भीती त्याच्या मनातून काढायची राहूनच गेली. त्या प्रयोगाचा मला आजही राग येतो.

तुमच्या घरी उंदराच्या जागी बे एके बे आहे आणि हातोड्याच्या जागी बाबांचा चढलेला आवाज. मुलाचं पोट खरंच दुखतं, ताई. तो ढोंग करत नाही, माझा दंड आखडायचा तसंच हे. आणि ही भीती वहीपुरती राहील, याची खात्री नाही. ती गणिताला चिकटेल, रात्रीच्या आठच्या ठोक्याला चिकटेल, बाबांनाही चिकटेल. रट्ट्यानं मूल त्या वेळेपुरतं गप्प होतं, पण सात चोक किती ते त्याला रट्ट्यातून कसं कळणार? मारणारा समोर नसला की गप्प होणंही संपतं. हे तुमच्या नवऱ्याला दोष म्हणून सांगू नका. बाबा रोज दमून घरी येतात, तरी मुलाजवळ बसतात, त्यामागे काळजीच आहे. त्यांना तुम्ही हे एवढंच सांगा की ‘त्याला तुमची भीती बसायला नको आहे मला.’

अशी भीती उतरवता येते, हेही याच परंपरेतल्या एका बाईनं दाखवून दिलं. मेरी कव्हर जोन्स यांनी १९२४ साली पीटर नावाच्या, सशाला घाबरणाऱ्या साधारण तीन वर्षांच्या मुलाची हकीकत लिहिली. पीटर आवडीचं खात असायचा तेव्हा पिंजऱ्यातला ससा खोलीच्या दूरच्या टोकाला आणून ठेवायचा. तो बिचकला नाही तर पुढच्या वेळी थोडा जवळ. घाई नाही. सशाला न घाबरणारी इतर मुलंही आसपास असत. शेवटी पीटर सशाला हातानं कुरवाळू लागला.

तुम्ही हेच करा. तीन आठवडे रात्रीचे पाढे पूर्ण बंद. त्या वेळेत बाबांनी त्याच्याशी पत्ते खेळावेत, सापशिडी खेळावी, पाठीवर घेऊन जिना चढावा. आधी बाबा आणि आनंद पुन्हा जोडले जाऊ देत. पाढे बुडतील अशी भीती वाटेल, म्हणून एक सांगते. एडवर्ड टोलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यानं १९३० साली उंदरांचा एक गट दहा दिवस भुलभुलैयात नुसता फिरू दिला, शेवटी खाऊ नाही. अकराव्या दिवशी खाऊ ठेवला, आणि लगेच हे उंदीर पहिल्यापासून खाऊ मिळालेल्यांइतकेच सरस धावू लागले. म्हणजे बक्षीस नसतानाही शिकणं आत चालूच होतं. वर्तनवादाला पडलेली ही मोठी भेग होती. तर पाढे त्याच्या कानावर पडू द्या. आजी भाजी निवडताना म्हणतील, तुम्ही पोळ्या लाटताना म्हणा, त्याच्याकडून काहीच मागू नका. मग एखाद्या दिवशी तोच मधून ‘बे पंचे’ पुरा करेल. तेव्हाही टाळ्यांचा गजर नको, नुसतं हसा आणि पुढचा म्हणा. पोटदुखी सुट्टीच्या दिवशीही होत असेल, रात्री जाग येत असेल, वजन उतरत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. फळ्यावरचं नीट दिसतं का, आकडे उलटसुलट होतात का, तेही त्याच्या वर्गशिक्षिकेला विचारा. सगळंच अभिसंधान नसतं.

स्टारबद्दल थोडक्यात. १९७३ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी ज्यांना मुळातच चित्रं काढायला आवडतं अशी लहान मुलं घेतली. काहींना आधी सांगून, चित्राबद्दल सोनेरी स्टारचं प्रशस्तिपत्र दिलं. पुढे मोकळ्या वेळात हीच मुलं इतरांच्या जवळपास निम्मा वेळच चित्रं काढत होती. ज्यांना अचानक, न सांगता बक्षीस मिळालं त्यांची आवड कमी झाली नव्हती. आजीला पाणी देणं तुमचा मुलगा आधी आपणहूनच करत होता ना? त्यावर स्टार लावून आपण त्याचं मायेचं काम मजुरीचं केलं. तक्ता एकदम फाडू नका, तो त्याला शिक्षेसारखा वाटेल. आधी आपणहून होणाऱ्या कामांचे स्टार बंद करा. नवी, अवघड सवय लावायची असेल तेवढ्यापुरता तक्ता ठेवा, सवय लागली की ती ओळ पुसून टाका. पाण्याचा तांब्या घेतल्यावर आजींनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला तरी पुरे आहे.

सासूबाईंना या सगळ्यात पहारेकरी करू नका, जागा द्या. जेवताना मुलाशेजारी त्यांनीच बसावं, गावाकडच्या गोष्टी त्यांनीच सांगाव्यात. त्याच्या डोळ्यांसमोरून फोन काढून घेतला तर त्या जागी काहीतरी हवंच, आणि ते तुमच्यापेक्षा त्यांच्याकडे जास्त आहे.

एक इशारा देऊन ठेवते. दोन-तीन महिने सगळं सुरळीत चालेल आणि मग गणपतीत गावाला, नाहीतर कुणाच्या घरी पंगतीत, तो अचानक पूर्वीसारखा लोळून रडेल. विझलेलं वर्तन असं मध्येच डोकं वर काढतं. पाव्हलॉव्हना ते कुत्र्यांमध्येही दिसलं होतं. तेव्हा ‘झालं, सगळं पाण्यात गेलं’ असं मनात आणू नका, आणि चार पाहुण्यांसमोर लाज वाटली म्हणून फोन काढू नका. त्याला उचलून अंगणात न्या, शांत होईपर्यंत जवळ बसा, मग परत पानावर आणा. निळी वही तोवर कपाटात वरच्या फळीवरच असू दे. ती खाली काढायची वेळ आली की तोच मागेल, किंवा तुम्ही नवी वही आणा, दुसऱ्या रंगाची.